आरशाला खोटे बोलता येत नाही

प्रश्न नाशिकरोडच्या एका शाळेतील शिक्षिकेचा आहे. त्यांच्या सातवीच्या वर्गाने यंदाच्या स्नेहसंमेलनासाठी ‘हिमगौरी आणि सात बुटके’ ही गोष्ट निवडली आहे. वर्गातल्या काही मुलींनी परदेशी मालिका पाहिलेल्या असल्यामुळे त्यांना हिमगौरी तलवार चालवणारी हवी आहे आणि सावत्र आई शेवटी सुधारलेली हवी आहे. शाळेतील ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या मते ही मूळ गोष्टीची मोडतोड आहे. बाई विचारतात की मूळ गोष्ट नेमकी कोणती मानायची, या नव्या मालिका ती बिघडवतात की वाढवतात, आणि मुलींनी सुचवलेले बदल मान्य करावेत का.

बाई, मी सव्वीस वर्षे मुलांची नाटके बसवते आहे आणि त्यातली काही वर्षे मुंबईच्या वाहिन्यांसाठी मालिकांचे भागही लिहीत होते. कालिदास कलामंदिराच्या विंगेत उभे राहून मुलांचा श्वास कोणत्या वाक्याला अडकतो ते मी पाहिले आहे, आणि अंधेरीच्या एका खोलीत बसून ‘बँक (म्हणजे तयार भागांचा साठा) संपत आली आहे, उद्या संध्याकाळपर्यंत चार भागांची वनलाइन (म्हणजे थोडक्यात कथानक) पाहिजे’ हेही ऐकले आहे. त्यामुळे तुमच्या सहकाऱ्यांची काळजी मला समजते आणि तुमच्या मुलींची हौसही समजते. उत्तर लांबणार आहे, कारण ‘मूळ गोष्ट’ या दोन शब्दांपाशीच बराच वेळ थांबावे लागेल.

जर्मनीतील ग्रिम बंधूंच्या संग्रहाचा पहिला खंड १८१२ साली निघाला आणि त्यांच्या हयातीतली शेवटची, सातवी आवृत्ती १८५७ साली. या पंचेचाळीस वर्षांत धाकटा भाऊ विल्हेल्म त्या गोष्टींवर सतत हात फिरवत राहिला. १८१२ च्या आवृत्तीत हिमगौरीला मारायला निघालेली राणी तिची सख्खी आई आहे. सावत्र आई आली ती १८१९ च्या आवृत्तीत. हान्सेल आणि ग्रेटेल यांना जंगलात सोडून देणारी बाईसुद्धा सुरुवातीला त्यांची आईच होती, ती सावत्र झाली आणखी काही आवृत्त्यांनंतर. आईपणाच्या प्रतिमेला धक्का लागू नये आणि पुस्तक मुलांच्या हाती निर्धास्तपणे देता यावे, म्हणून हे बदल झाले असे अभ्यासक सांगतात, आणि मला ते पटते. म्हणजे तुमचे सहकारी ज्या सावत्र आईला मूळ समजून जपू पाहतात, तीच मुळात एका संपादकाने केलेली दुरुस्ती आहे.

राजपुत्राच्या चुंबनाने हिमगौरी जागी होते हेही ग्रिमच्या कोणत्याच आवृत्तीत नाही. पहिल्या आवृत्तीत काचेची पेटी वाहून वाहून वैतागलेला एक नोकर तिला उठवून बसवतो आणि रागाने तिच्या पाठीत धपाटा घालतो, तेव्हा घशात अडकलेला सफरचंदाचा तुकडा बाहेर पडतो. पुढच्या आवृत्त्यांत पेटी वाहणारे नोकर ठेचकाळतात आणि त्या हिसक्याने तुकडा निसटतो. चुंबन सर्वांच्या डोक्यात पक्के बसवले ते डिस्नेच्या १९३७ च्या चित्रपटाने. राणी बुटक्यांच्या घरी एकदा नव्हे तर तीनदा येते, आधी चोळीची नाडी, मग विषारी फणी आणि शेवटी सफरचंद घेऊन. त्या चित्रपटाने त्यातली एकच खेप ठेवली. आरसा पहिल्यांदा हिमगौरीचे नाव घेतो तेव्हा ती पुस्तकात अवघी सात वर्षांची आहे, हे तर मी सांगेपर्यंत माझ्या शिबिरातल्या कुणाच्याही लक्षात आलेले नव्हते.

हे मी कुणाला चूक ठरवण्यासाठी सांगत नाही. गोदावरीच्या काठावरच्या माणसांना तर ही गोष्ट मुद्दाम सांगायलाही नको. पंचवटीत शूर्पणखेची कथा वाल्मीकींकडून आलेली आहे, नाथांच्या भावार्थ रामायणातून आलेली आहे, कीर्तनकारांकडून आलेली आहे आणि रामकुंडावर यात्रेकरूंना माहिती सांगणाऱ्यांकडूनही आलेली आहे, आणि प्रत्येकाच्या सांगण्यात थोडा थोडा फरक आहे. म्हणून ‘मूळ कोणते’ या वादात आपण फार दूर जाऊ शकत नाही. मी त्याऐवजी दुसरा प्रश्न विचारते, आणि तो माझ्या हाती एका मुलानेच दिला.

काही वर्षांपूर्वी गंगापूर रोडवर मे महिन्याच्या सुट्टीत आमचे शिबिर चालू होते. पंखे गरम हवाच फिरवत होते, मुले फरशीवर बसली होती आणि एक मुलगी सिंड्रेलाची गोष्ट सांगत होती. रात्रीचे बारा वाजले, बग्गीचा भोपळा झाला, घोड्यांचे उंदीर झाले, भरजरी कपड्यांच्या चिंध्या झाल्या आणि जिन्यावर काचेचा एक बूट राहिला. मखमलाबादहून येणारा एक नऊ वर्षांचा मुलगा मध्येच म्हणाला, “सगळं परत पहिल्यासारखं झालं ना, मग बूट काचेचाच कसा राहिला?” सगळी मुले माझ्याकडे पाहू लागली. मी तेव्हा काहीतरी सांगून वेळ मारून नेली, पण घरी जाऊन शार्ल पेरो या फ्रेंच लेखकाची १६९७ सालची गोष्ट पुन्हा ओळ न् ओळ वाचली. तिथे परीआई भोपळ्याची बग्गी करते, सहा उंदरांचे घोडे करते, एका घुशीचा मिशाळ गाडीवान करते, सहा सरड्यांचे नोकर करते आणि काठी लावून चिंध्यांचे कपडे करते. काचेचे बूट मात्र ती कशापासूनही करत नाही. सगळे झाल्यावर ती ते सिंड्रेलाला ‘देते’. जे बदललेले होते ते बाराच्या ठोक्याला परत गेले आणि जे दिलेले होते ते राहिले. शेवटी राजाचा माणूस तिच्या पायात बूट घालून पाहतो तेव्हा सिंड्रेला खिशातून दुसरा बूट काढून दाखवते, म्हणजे तोही टिकून राहिलेला आहे. त्या मुलाला उत्तर मिळाले, आणि मला हे कळले की मूल गोष्टीत सर्वांत बारकाईने कशावर लक्ष ठेवते. ते लक्ष ठेवते गोष्टीतल्या अटीवर.

प्रत्येक जिवंत परीकथेच्या मध्यभागी एक अट असते. बाराच्या आत परत ये, माझे नाव ओळखून दाखव, ही एक खोली उघडू नकोस, मागे वळून पाहू नकोस. आपल्या श्रावणातल्या कहाण्यांत हीच गोष्ट ‘उतू नको, मातू नको, घेतला वसा टाकू नको’ अशी येते, आणि वसा टाकला की कहाणीतल्या बाईचे काय होते हे ऐकणाऱ्या प्रत्येकीला आधीच माहीत असते. वेताळाच्या कथांत तर अटीवरच सारा डोलारा उभा आहे: उत्तर माहीत असून राजा गप्प राहिला तर त्याच्या डोक्याची शकले होतील, आणि बोलला तर वेताळ पुन्हा झाडावर. १९८५ साली दूरदर्शनवर रामानंद सागर यांनी ‘विक्रम और बेताल’ आणली तेव्हा मालिकेच्या लेखकांना भागाचा शेवट शोधावा लागला नसेल, कारण तो त्या अटीत तयारच होता. सोमदेवाच्या कथासरित्सागरातल्या चोविसाव्या वेताळकथेत वेताळ विचारतो की बापाने मुलीशी आणि मुलाने तिच्या आईशी लग्न केले, तर दोघांना होणाऱ्या मुलांचे एकमेकांशी नाते काय. आणि राजाला उत्तर येत नाही म्हणून तो गप्प राहतो. अट मोडत नाही आणि राजाही मरत नाही, कारण अट होती ‘माहीत असून’ गप्प राहण्याची. इतकी काटेकोर पटकथा मी आयुष्यात एकदाही लिहू शकलेले नाही.

त्या कथासरित्सागराच्या मुळाशी असलेली बृहत्कथा आपल्याच नदीकाठची मानली जाते, हे जाता जाता नोंदवते. पैठणच्या सातवाहन राजाच्या दरबारातला गुणाढ्य पैज हरला म्हणून त्याने संस्कृत, प्राकृत आणि देशी अशा तिन्ही भाषा सोडल्या, पैशाची नावाच्या भाषेत सात लाख श्लोक रचले, आणि राजाने ते नाकारल्यावर जंगलात पशुपक्ष्यांना एक एक पान वाचून दाखवत अग्नीत टाकले. राजा धावत आला तेव्हा एक लाख उरले होते. गुणाढ्याने पैजेचा शब्द पाळला म्हणूनच ती दंतकथा इतकी शतके टिकली आहे.

आता मालिकांकडे येते. २०११ च्या ऑक्टोबर महिन्यात अमेरिकेत पाच दिवसांच्या अंतराने दोन मालिका सुरू झाल्या. एबीसी वाहिनीवर २३ तारखेला ‘वन्स अपॉन अ टाइम’ आणि एनबीसीवर २८ तारखेला ‘ग्रिम’. पहिली २०१८ च्या मे महिन्यापर्यंत सात पर्वे आणि १५५ भाग चालली, दुसरी २०१७ च्या मार्चपर्यंत सहा पर्वे आणि १२३ भाग. तुमच्या मुलींनी पाहिलेली तलवारवाली हिमगौरी बहुधा पहिल्या मालिकेतली आहे.

लिहिणाऱ्याच्या डोळ्यांनी पाहिले तर इथे आधी हिशेब समोर येतो. हिमगौरीची गोष्ट सावकाश वाचली तरी वीस मिनिटांत संपते. जाहिराती वगळून सुमारे त्रेचाळीस मिनिटांचा भाग आणि पर्वात बावीस भाग धरले, तर एकाच पर्वाला जवळजवळ सोळा तासांचा मजकूर लागतो. वीस मिनिटांच्या गोष्टीतून तो काढायचा, तर लेखकासमोर दोनच वाटा उरतात. एक तर अनेक गोष्टी एकाच गावात आणून एकमेकींत गुंतवायच्या, नाही तर पात्रांना भूतकाळ द्यायचा. ‘वन्स अपॉन अ टाइम’चे कर्ते एडवर्ड किट्सिस आणि अ‍ॅडम होरोविट्झ या दोघांनी दोन्ही वाटा धरल्या. ते आधी ‘लॉस्ट’ या मालिकेच्या लेखकांत होते आणि एकाच भागात आजची घटना आणि पूर्वीची घटना आलटूनपालटून दाखवण्याची सवय ते तिथून घेऊन आले. राणीच्या शापाने परीकथांतली सगळी माणसे स्टोरीब्रूक नावाच्या अमेरिकन गावात येऊन पडली आहेत, आपण कोण हे विसरली आहेत आणि घड्याळ बंद पडले आहे, ही त्यांची मांडणी. पूर्वीच्या जन्माची आठवण हरवलेली माणसे ही कल्पना आपल्याकडच्या प्रेक्षकाला अजिबात परकी वाटत नाही.

या मालिकेत काही ठिकाणी फार चांगले काम झाले आहे. लाल टोपीवाल्या मुलीचाच भाग घ्या. पेरोच्या गोष्टीत लांडगा मुलीला खातो आणि गोष्ट तिथेच संपते, ग्रिमकडे शिकारी येऊन लांडग्याचे पोट फाडतो. दोन्हीकडे लाल टोपी हे फक्त टोपणनावाचे कारण आहे, कथानकात तिला काहीच काम नाही. या मालिकेच्या पहिल्या पर्वात गावाला लांडग्याने छळले आहे, आजी नातीला लाल झगा काढू नकोस म्हणून बजावते, आणि नातीला संशय येतो की आपला प्रियकरच पौर्णिमेला लांडगा होतो. ती त्याला साखळदंडाने बांधते आणि त्याच्यासोबत थांबते. लांडगा तो नसतो, तीच असते, आणि झगा त्या रूपाला आवर घालण्यासाठी आजीने दिलेला असतो. बांधलेला प्रियकर पळूही शकत नाही. तीनशे वर्षे नुसत्या रंगासाठी असलेल्या वस्त्राला या लेखकांनी अट बनवले, ती अट मोडायला लावली आणि मोडल्याची पूर्ण किंमत त्याच रात्री वसूल केली. गोष्ट उलटी केली, तरी गोष्टीचा कणा ताठ राहिला. आपल्या भोपळ्यातल्या म्हातारीची आठवण मला इथे नेहमी येते. तीही जंगलातून आपल्या माणसाकडे निघालेली, तिलाही वाटेत खाणारे भेटतात, पण ‘लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा’ असा करार ती स्वतःच करते आणि परतीला त्याच करारातून टुणूक टुणूक निसटते. लाल टोपीवालीला जे कुणीतरी सोडवावे लागते, ते आपली म्हातारी स्वतः करते. यावर कुणी नाटक लिहिले तर मी आनंदाने बसवीन.

दुसरे उदाहरण रम्पेलस्टिल्टस्किनचे. ग्रिमच्या गोष्टीत तो गवताचे सोने कातून देतो आणि बदल्यात पहिले मूल मागतो. त्याचे नाव ओळखले तर मूल वाचते. १८१२ च्या आवृत्तीत नाव ओळखल्यावर तो रागाने निघून जातो आणि परत येत नाही, स्वतःला फाडून दोन तुकडे करून घेणे पुढच्या आवृत्तीत आले. मालिकेने त्याला भित्रा, गरीब सूत कातणारा बाप केले. मुलाला युद्धावर नेणार या भीतीने तो काळी शक्ती मिळवतो आणि त्या शक्तीपायी मुलालाच गमावतो. मूल मागणारा माणूस स्वतः मूल गमावलेला बाप निघतो, ही जोडणी मनाला लागते. त्याच्या नावातली ताकदसुद्धा लेखकांनी सोडली नाही: त्याचे नाव कोरलेला एक खंजीर आहे आणि तो ज्याच्या हाती पडेल त्याचे त्याला ऐकावे लागते. नाव ओळखण्याची जुनी अट नव्या वस्तूत जशीच्या तशी उतरली आहे. जादूची किंमत मोजावीच लागते, हे त्याच्या तोंडचे पालुपदही तिथूनच आलेले आहे.

तरीही मालिका पुढे सैल होते, आणि का होते हे मुलींना सांगण्यासारखे आहे. राणीचे नाव तिथे रेजिना. तिचा भूतकाळ नीट रचलेला आहे: तबेल्यात काम करणाऱ्या मुलावर तिचे प्रेम असते, लहानगी हिमगौरी विश्वासाने ते गुपित रेजिनाच्या आईला सांगून बसते, आणि आई त्या मुलाचे हृदय काढून चिरडते. राग समजतो. हृदय काढून पेटीत ठेवणे हे मात्र ग्रिमचे नाही. तिथली राणी शिकाऱ्याकडे हिमगौरीची फुप्फुसे आणि यकृत मागते, तो रानडुकराची आणून देतो आणि ती ती मीठ घालून शिजवून खाते. पेटीतले हृदय डिस्नेच्या चित्रपटातून आले. एबीसी वाहिनी डिस्नेच्याच मालकीची असल्यामुळे या मालिकेने पुष्कळदा ग्रिमचे नव्हे तर डिस्नेचे पुनर्कथन केले आहे, हे लक्षात ठेवावे. तर ही रेजिना पहिल्याच पर्वात शिकाऱ्याचे हृदय चिरडून त्याला मारते. पुढे ती सुधारते, आई म्हणून जीव लावते, आणि शेवटच्या भागात सर्व राज्ये तिला चांगली राणी म्हणून मुकुट घालतात. पण त्या शिकाऱ्याचा हिशेब तिला कुणी खऱ्या अर्थाने विचारलाच नाही, असे मला वाटते. सुधारणे मला मान्य आहे, हिशेब न होणे मान्य नाही. शिवाय इतक्या पर्वांत शाप पुन्हा लागतात, पुन्हा उतरतात, गेलेली माणसे परत येतात, आणि किंमत मोजण्याचे पालुपद तेवढे ऐकू येत राहते.

हे दोष मी दुरून दाखवत नाही, कारण हेच पाप माझ्या हातून घडलेले आहे. एका वाहिनीसाठी आम्ही मुलांची मालिका लिहीत होतो. राजपुत्र शिळा होऊन पडला आहे, आणि त्याच्या बहिणीने सलग एक महिना एकही खोटे बोलायचे नाही, बोलली तर शिळेला तडा जाईल, अशी अट मी लिहिली होती. मालिका बावन्न भागांत संपणार होती. प्रेक्षकांचे आकडे बरे आले, वरून निरोप आला की ट्रॅक, म्हणजे हे कथानक, लांबवा, आणि एका प्रसंगात नाट्य हवे म्हणून आम्ही बहिणीला आईशी खोटे बोलायला लावले. तडा दाखवला असता तर राजपुत्र संपला असता आणि मालिकाही संपली असती, म्हणून तडा दाखवलाच नाही. कुणाच्या लक्षात येणार नाही असे खोलीतले सगळे म्हणाले आणि मीही गप्प बसले. भाग दाखवला गेला त्या आठवड्यात मी नाशिकला आले होते. आमच्या वाड्यात खाली राहणारी तिसरीतली मुलगी दप्तर पाठीवर असतानाच जिन्यात थांबली आणि म्हणाली, “काकू, ती खोटं बोलली. मग दगडाला काही झालं का नाही?” मी म्हणाले, पुढे कळेल. ती काही बोलली नाही. तिने ती मालिका पाहणे थांबवले हे तिच्या आईने मला दिवाळीत सांगितले. त्या प्रश्नानंतर मी एकही अट लिहिताना ‘हे आपण शेवटपर्यंत निभावू शकतो का’ हे आधी तपासल्याशिवाय पुढे गेलेले नाही, आणि काही काळाने मालिकांचे काम सोडले त्यामागेही हेच एक कारण होते.

‘ग्रिम’ या दुसऱ्या मालिकेविषयी थोडक्यात सांगते. पोर्टलंड शहरातला एक पोलीस गुप्तहेर आणि माणसांच्या रूपात वावरणारे परीकथांतले प्राणी, अशी ती तपासमालिका आहे. तिच्यात घड्याळे दुरुस्त करणारा, मांस सोडलेला लांडगा-माणूस आहे, आणि त्याने स्वतःवर घातलेले बंधन तो रोज कसे पाळतो हे पाहण्यासारखे आहे. मालिका मोठ्यांसाठी आहे, रक्तपात भरपूर आहे. सातवीच्या मुलांना ती दाखवू नये.

सलग मालिकेचा मोह टाळून काम करणाऱ्यांचीही एक परंपरा आहे आणि तुमच्या मुलांसाठी मी तीच सुचवीन. शेली डुव्हाल या अभिनेत्रीने १९८२ ते १९८७ या काळात ‘फेअरी टेल थिएटर’ केले, त्यात प्रत्येक भागात एक पूर्ण गोष्ट असे. जिम हेन्सन यांच्या ‘द स्टोरीटेलर’मध्ये जॉन हर्ट हा नट शेकोटीपाशी म्हातारा होऊन बसतो, शेजारी बाहुलीचा बोलका कुत्रा असतो, आणि अँथनी मिंगेला यांनी लिहिलेल्या त्या गोष्टी फारशा प्रसिद्ध नसलेल्या युरोपीय लोककथांवरून घेतलेल्या आहेत. त्यातल्या एकीत अर्धा मुलगा आणि अर्धा साळिंदरासारखा काटेरी प्राणी असलेल्या नवऱ्याचे गुपित बायकोकडून फुटते आणि त्याला शोधत तिला लोखंडी जोडे झिजवावे लागतात. अशा नवऱ्याच्या कथा आपल्याकडेही आहेत. पंचतंत्राच्या एका पाठात सर्परूप मुलाची कात बाप जाळतो आणि मुलगा माणूसच राहतो. जर्मनीत एआरडी वाहिनीवर २००८ पासून नाताळात एकेका परीकथेवर साधारण तासाभराचे स्वतंत्र चित्रपट दाखवले जातात. गोष्ट तासाभरात संपणार असली की अट वाकवायची गरजच पडत नाही.

आता तुमच्या नाटकाकडे वळते. तलवार द्या. पण मुलींना एक विचारा: नाडी, फणी आणि सफरचंद या तीन वस्तूंपुढे तलवार काय करणार? ग्रिमच्या गोष्टीत बुटके रोज सकाळी बजावून जातात की कुणालाही घरात घेऊ नकोस, आणि ती तीनदा घेते. सात वर्षांची एकटी मुलगी म्हणून ते आपल्याला समजते. तुमची हिमगौरी तलवार चालवणारी असेल, तर ती तलवार आहे म्हणूनच निर्धास्तपणे दार उघडेल. असे झाले तर तलवार कथेत नीट बसेल आणि बुटक्यांची अट आणखी धारदार होईल. तिन्ही खेपा ठेवा. मुलांना तिसऱ्या खेपेची वाट पाहायला आवडते, आणि रंगमंचावर त्यांना प्रत्येकी दोन-दोन मिनिटे पुरतात.

सावत्र आईच्या सुधारण्याविषयी अधिक जपून सांगते. तुमच्या वर्गात सावत्र आईसोबत राहणारी मुले असू शकतात आणि त्यांनी दर वर्षी हीच गोष्ट ऐकलेली असते, म्हणून मुलींच्या मनात आलेला हा बदल मला मोलाचा वाटतो. १८१२ साली ती सख्खी आई होती हे त्यांना जरूर सांगा. कदाचित त्या तिला नुसती ‘राणी’ म्हणायचे ठरवतील. मात्र शेवटच्या प्रवेशात ती हात जोडून क्षमा मागते आणि सगळे टाळ्या वाजवतात, असे करू देऊ नका. या गोष्टीत आणखी एक अट आहे, ती म्हणजे आरसा खोटे बोलत नाही. राणी दर वेळी एकच प्रश्न विचारते आणि दर वेळी खरे उत्तर तिला अधिक वाईट करते. तिला बदलायचे असेल तर ती वाट आरशातूनच जाते. तिने एक दिवस आरशाला दुसरा प्रश्न विचारला, तर तो प्रश्न कोणता असेल? हे तुम्ही सांगू नका, मीही सांगत नाही. वर्गाला आठवडाभर द्या, प्रत्येकाला एका चिठ्ठीवर एक प्रश्न लिहू द्या आणि त्या चिठ्ठ्या मोठ्याने वाचा. माझ्या एका शिबिरात एका मुलाने लिहिले होते, “मी कुणाला घाबरते?” आरसा त्याचे काय उत्तर देईल हे आम्ही सारी दुपार बोलत होतो, आणि ज्या मुलीने राणी केली तिचे चालणेच दुसऱ्या दिवशी बदलले.

राहिला शेवट. ग्रिमच्या पुस्तकात निखाऱ्यांवर तापवलेले लोखंडी बूट राणीपुढे चिमट्याने आणून ठेवतात आणि ती ते घालून मरेपर्यंत नाचते. शाळेच्या नाटकात हे दाखवता येणार नाही, आणि मुलींना तिला मारायचेही नाही. तरी बूट रद्द करू नका. तांबट आळीत हातोडीचा जो एकसारखा ठोका ऐकू येतो, तो मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून आणा आणि लग्नाच्या प्रवेशाआधी विंगेतून वाजवा. मग दोन मुलांनी बूट आणून रंगमंचाच्या मध्यभागी ठेवावेत आणि बाजूला व्हावे. ते बूट राणी घालते, हिमगौरी उचलून बाजूला ठेवते, की पडदा पडेपर्यंत तिथेच राहतात, हे वर्गाने तालमीत ठरवावे, आणि जे ठरेल त्याचे कारण राणीचे काम करणाऱ्या मुलीला तोंडपाठ असावे. बूट जाड पुठ्ठ्याचे करून त्यांना काळा रंग द्या. वरून लाल जिलेटिन लावलेला एक लहान स्पॉट पुरेसा होतो, बाकीचे दिवे त्या वेळी निम्म्यावर आणा.